तीन सेकंदांत घडी

१८ फेब्रुवारी

आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. पण एवढं नियोजन एका डोक्यात मावत नाही, कागद लागतो.

परिस्थिती अशी. बायको सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला गेली आहे, विमानाने तीन तास लांब. जाऊन दीड महिना झाला. आता तिला तिकडे दोन खोल्या मिळाल्या, ट्रेनिंग आहे त्या हॉस्पिटलचं स्वतःचं पाळणाघरही आहे. म्हणजे मिरीला तिकडे पोचवायचं. मिरी आमची मुलगी. खरं नाव लांबलचक आहे, पण आकार आणि तिखटपणा पाहता हेच चालतं. १४ मार्चला दोन वर्षांची होईल.

काल फोनवर मिरीने आईकडे पाहिलं, पाठ फिरवली आणि चमच्याशी खेळत बसली. बायकोने तिला दोन-तीनदा हाक मारली. मग म्हणाली, ही मला विसरायला लागली आहे, वाढदिवसाच्या आत आण तिला.

मी म्हटलं, आणतो. एकटा आणतो. ७ मार्चचं तिकीट काढलं. मिरी माझ्या मांडीवर, म्हणजे एकाच सीटमध्ये दोघं.

बायको म्हणाली, आईला सोबत घे. ती गेल्यापासून सासूबाई आमच्याकडेच राहतात. मिरीचं सगळं मीच बघतो, त्या मदतीला असतात. मी स्वच्छ सांगितलं, गरज नाही. लोक पोरांना घेऊन जग फिरतात. साधन तेवढं योग्य हवं.

साधन म्हणजे स्ट्रोलर.

१९ फेब्रुवारी

सासूबाईंना स्ट्रोलरची कल्पना दिली. त्या भाकऱ्या... नाही, चादरींच्या घड्या घालत होत्या. (भूक लागली की लिहू नये.) म्हणाल्या, कडेवर घ्या की. मूल आहे तुमचं, सामान नाही.

यावर काय बोलणार. गाढवापुढे वाचली गीता.

आज मिरीला दूध मीच दिलं. बाटली कुठे असते ते विचारावं लागलं. जागा बदललेली दिसते.

२१ फेब्रुवारी

आमची कंपनी पुठ्ठ्याची खोकी बनवते आणि मी तिथे तपासणी करतो. खोकं मिलिमीटरभर वाकडं असलं तरी मला लांबून कळतं. हा गुण आज कामी आला. विमानात वर ठेवायच्या बॅगेचं माप काढलं: पंचावन्न बाय पस्तीस बाय पंचवीस. त्याच आतल्या मापाचं एक खोकं करून घेतलं. स्ट्रोलर घडी करून त्यात बसला तर पास, नाहीतर नापास. इतकं साधं. हे आजवर कोणाला सुचलं नाही याचंच नवल वाटतं.

डिस्पॅचवाल्याने विचारलं, हे कशाला? सांगितलं. तर म्हणतो, अरे, बाळाची गाडी विमानाच्या दाराशी देऊन टाकायची, ते खाली ठेवतात, उतरलं की परत देतात, फुकट. याला तीन पोरं आहेत आणि तिघांना घेऊन हा कुठेकुठे फिरून आला आहे, त्यामुळे स्वतःला तज्ज्ञ समजतो. उंटावरचा शहाणा. ज्याच्या खोक्यांवर पत्ते उलटे चिकटतात त्याने मला प्रवास शिकवू नये.

२३ फेब्रुवारी

एकेचाळीस स्ट्रोलर पाहिले (कॉम्प्युटरवर). तक्ता केला. सतरा रकाने: वजन, घडीची लांबी, घडीची रुंदी, चाकाचा व्यास, ब्रेक, छत, छताचा कोन, पट्टा, वगैरे. मिरीसाठी रकाना ठेवला नाही, कारण मिरी सगळ्या स्ट्रोलरना सारखीच.

तक्ता बायकोला पाठवला. तिने अंगठा पाठवला. एकेचाळीस ओळी आणि एक अंगठा!

२५ फेब्रुवारी

दुकानात गेलो. टाय घातलेला एक विक्रेता. त्याने विचारलं, बाळ किती महिन्यांचं? मी विचारलं, मागच्या चाकाचा व्यास किती? त्याला माहीत नव्हतं. अशी माणसं दुकानात ठेवतात.

राखाडी रंगाचा एक आणला. घरी येऊन खोक्यात घातला. दीड सेंटिमीटर वर राहिला. पेला ठेवायची कडी आड येते. दीड सेंटिमीटर! ऑफिसात मी यावरून अख्खा ट्रक परत पाठवतो. नापास.

स्ट्रोलर खोक्यातून काढला तशी मिरी खोक्यात जाऊन बसली. उठायला तयार नाही. सासूबाईंनी तिला खोक्यासकट घरभर ओढलं. हसून हसून उचकी लागली तिला. मी सांगितलं, ते मोजमापाचं साधन आहे, खेळणं नाही. दोघींनीही ऐकलं नाही.

२८ फेब्रुवारी

राखाडी परत. दुसरा आणला, हिरवा. खोक्यात व्यवस्थित बसतो. पण घडी करायला दोन हात, एक गुडघा आणि अधूनमधून हनुवटी लागते. उजव्या हाताचं मधलं बोट सापडलं. नख काळं पडतंय. मी ओरडलो तर मिरी टाळ्या वाजवायला लागली.

सासूबाईंनी बोटाला फडकं गुंडाळलं आणि म्हणाल्या, सात तारखेला आठवडाच उरला, आता हाच घेऊन जा. घाई ही सामान्य माणसाची खोड आहे. हिरवा नापास.

संकल्प: आता माघार नाही.

२ मार्च

सापडला!

काळा. पाच किलो सातशे ग्रॅम. एका हातात, तीन सेकंदांत घडी. व्हिडिओत एक बाई एका हाताने मूल धरते, दुसऱ्या हाताने मनगटाला झटका देते, झाली घडी. आणि वर हसते. मी व्हिडिओ बावीस वेळा पाहिला. खाली कोणीतरी लिहिलंय, पहिले पंधरा दिवस उघडताच आला नाही. नाचता येईना अंगण वाकडं. असल्या लोकांनी स्टुलावरसुद्धा बसू नये.

घोडं एकाच ठिकाणी अडलं: डिलिव्हरी १० मार्चला. म्हणजे सात तारखेचं विमान गेलं.

पण मी गोंधळणारा माणूस नाही. तिकीट १४ मार्चवर नेलं, खुद्द वाढदिवसावर. सकाळचं विमान, अकराला पोचणार, अख्खा दिवस शिल्लक. उलट जास्तच छान. तारीख बदलताना त्यांनी अटींचं हे भलंमोठं पान दाखवलं आणि खाली एक चौकोन. चौकोनात टिचकी मारली. असली पानं वाचत बसणारी माणसं आयुष्यात कुठेही वेळेवर पोचत नाहीत.

सासूबाईंना सांगितलं. म्हणाल्या, चौदाला कशाला, तेराला जा, दोन पूर्ण व्हायच्या आत. मी विचारलं, तेरा आणि चौदात काय फरक आहे? म्हणाल्या, शेजारणीच्या नातवाच्या वेळी काहीतरी भानगड झाली होती, नीट आठवत नाही, पण विचारून घ्या. शेजारणीचा नातू! ही म्हणजे शुभ-अशुभाचीच आधुनिक आवृत्ती. मी हसून सोडून दिलं.

बायकोला फोन. ती म्हणाली, मी वाढदिवसाच्या आत म्हटलं होतं. मग म्हणाली, बरं. तिचं हे ‘बरं’ मला आवडत नाही. एका खोलीत राहत असताना त्याचा अर्थ कळायचा, फोनवर कळत नाही.

५ मार्च

संताप.

बायकोने परस्पर सासूबाईंचं तिकीट काढलं. त्याच विमानाचं! मला आज कळलं, तेही सासूबाई बॅगेची चेन दुरुस्त करून घेत होत्या म्हणून. बायकोला विचारलं, माझ्यावर विश्वास नाही का? ती म्हणाली, विश्वासाचा प्रश्न नाही, मिरीला झोपताना कोणाचा तरी कान लागतो. मी म्हटलं, मलाही दोन कान आहेत. ती म्हणाली, आहेत रे.

शेवटी तोडगा काढला. सासूबाई त्याच विमानात असतील, पण योगायोगाने. वेगळी रांग, वेगळी सीट, मिरी पूर्ण वेळ माझ्याकडे. सासूबाईंना अटी वाचून दाखवल्या. त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, पोळी अजून एक वाढू का.

१० मार्च, संध्याकाळ

आला. काय वस्तू आहे! रबराचा वास, चाकं लोण्यासारखी. सासूबाईंना हॉलमध्ये बसवलं, मिरीलाही बसवलं (खोक्यात, दुसरीकडे बसत नाही). प्रात्यक्षिक केलं.

तीन सेकंदांत घडी झाली नाही. चार मिनिटांत झाली. नवीन आहे, सांधे घट्ट आहेत.

सासूबाई मध्येच उठून आमटीला फोडणी देऊन आल्या.

११ मार्च

सराव. एक मिनिट पन्नास सेकंद. प्रगती उघड दिसते.

मिरीला त्यात बसवायचा प्रयत्न केला. ती ताठ झाली. म्हणजे अक्षरशः फळी. गुडघा वाकेल तर शपथ. पट्टा लावेपर्यंत खालून सरकून जमिनीवर. तीनदा. चौथ्यांदा मला चावली. सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, अहो, आधी तिची ओळख तर होऊ द्या गाडीशी. एवढा एकेचाळीस गाड्यांचा अभ्यास केला तेव्हा कोणी ओळखीचं बोललं नाही.

निष्कर्ष: मिरीला स्ट्रोलरचा तिटकारा नाही, घराचा आहे. विमानतळावर गुळगुळीत फरशी असते. तिथे बसेल.

१२ मार्च

डिस्पॅचवाल्याने विचारलं, झाली का तयारी? मी म्हटलं, शंभर टक्के. म्हणाला, पोरीची कागदपत्रं घे, वय बघतात. मी म्हटलं, तिच्याकडे पाहून कळतं लहान आहे म्हणून. याला सल्ले देण्याचा आजारच आहे.

चाळीस सेकंद!! पण दोन हातांनी.

१३ मार्च

अंतिम तयारी. इमारतीच्या व्हरांड्यात रंगीत तालीम. मिरीऐवजी दहा किलो तांदळाची पिशवी. उत्कृष्ट. वळणावर एका बोटाने वळतो. खालच्या मजल्यावरच्या काकू दार उघडून बघत होत्या. म्हणाल्या, तांदूळ झोपले का? लोकांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही.

बॅग मी भरली: तक्ता, टेप, स्ट्रोलरचं माहितीपत्रक, वंगणाची छोटी बाटली (ती नेता येत नाही असं सासूबाई म्हणाल्या, काढली). मिरीचं सामान सासूबाईंच्या पिशवीत आहे. सोयीसाठी.

मिरीला खोकंही न्यायचं होतं. धरून बसली होती. मी म्हटलं, दोन-दोन गोष्टी कशाला नाचवायच्या. खोकं घरी.

उद्या सकाळी बायकोला कळेल.

१४ मार्च, पहाटे ५.१०

निघालो. मिरी कडेवर (तात्पुरती, सासूबाईंच्या). स्ट्रोलर माझ्याकडे. मन शांत.

१४ मार्च, दुपारी २

घरी आहे.

क्रमाने लिहितो. क्रमाने लिहिलं की माणूस डळमळत नाही.

विमानतळाची फरशी गुळगुळीत होती. मिरीला बसवलं. फळी. सासूबाई योगायोगाने मागेच होत्या, त्यांनी उचलली. मी रिकामा स्ट्रोलर ढकलत काउंटरपाशी पोचलो. तिथे निळ्या स्कार्फची एक मुलगी होती. मी म्हटलं, हा केबिनमध्ये जाईल, माप दाखवतो, आणि एका हाताने झटका दिला. तो अर्धा मिटला आणि तिथेच राहिला. ना उघडे, ना मिटे. रांगेतला एक माणूस म्हणाला, लाथ घाला. ती मुलगी म्हणाली, काही हरकत नाही, बाळाच्या गाड्या आम्ही विमानाच्या दाराशीच घेतो, कितीही मोठी असली तरी चालते.

डिस्पॅचवाल्याला हे कळता कामा नये.

मग तिने सासूबाईंच्या पिशवीतला मिरीचा जन्मदाखला पाहिला आणि अय्या, आज वाढदिवस, म्हणून मिरीला शुभेच्छा दिल्या. मला वाटलं, स्टाफ किती चांगला. तेवढ्यात तिचा टाइप करणारा हात थांबला. म्हणाली, सर, ही आज दोन वर्षांची झाली. मी म्हटलं, हो, थँक यू. ती म्हणाली, मांडीवर फक्त दोनच्या आतलं मूल चालतं. कालपर्यंत चाललं असतं. आजपासून हिला स्वतःची सीट लागते. आणि विमान भरलंय.

मी म्हटलं, माझं एकेचाळीस गाड्यांचं... पण पुढे काय म्हणायचं होतं ते आठवेना.

तिने पडद्यावर दाखवलं. तारीख बदलताना मी टिचकी मारलेला चौकोन. त्याच्यापुढे लिहिलेलं होतं: प्रवासाच्या दिवशी बाळाचं वय दोन वर्षांपेक्षा कमी आहे. एवढी एकच ओळ. तीही ठळक अक्षरात.

सासूबाई तेरा तारीख म्हणत होत्या ती हीच. त्यांनी आठवण करून दिली नाही. दिली असती तर मी भांडलो तरी असतो.

वाट एकच होती. आमच्या दोघांपैकी कोणीतरी सीट सोडायची, ती मिरीला मिळेल. सासूबाई लगेच म्हणाल्या, तुम्ही जा तिला घेऊन, माझी सीट द्या, मी मागाहून येईन. मला वाटत होतं त्या टोमणा मारतील. तसं काही नव्हतं. बाटलीत पाणी आहे, गार करून ठेवलंय, असं सांगत त्या पिशवी माझ्या हातात द्यायला लागल्या.

म्हणजे महिनाभर मला हवं होतं तेच. मी आणि मिरी. एकटे.

मी हात पुढे केले. मिरीने माझ्याकडे पाहिलं आणि पाठ फिरवली. त्या दिवशी फोनवर आईकडे फिरवली होती तशीच. सासूबाईंच्या मानेत तोंड खुपसलं आणि त्यांचा कान धरला. डावा. मला माहीतच नव्हतं की तिला डावा लागतो.

पिशवीत काय काय आहे मला माहीत नव्हतं. ती रडायला लागली तर पहिलं काय द्यायचं, माहीत नव्हतं. एकेचाळीस स्ट्रोलरच्या मागच्या चाकांचे व्यास मला पाठ होते.

मी म्हटलं, तुम्ही जा.

(बूटही चावत होता. उभं राहणं कठीण झालं होतं.)

सासूबाई दोन पावलं जाऊन परत आल्या. म्हणाल्या, जावईबुवा, आमटी फ्रिजमध्ये आहे, गरम करून घ्या. मिरीने त्यांच्या खांद्यावरून मला टाटा केला. पालथ्या हाताने, उलटा. तिला अजून सरळ येत नाही. काचेच्या पलीकडे दिसत होत्या तोवर मी उभा होतो.

अर्धवट मिटलेला स्ट्रोलर टॅक्सीच्या डिकीत बसेना. मांडीवर घेऊन आलो.

१४ मार्च, रात्री ८

बायकोचा फोन. काटेकोर विचार केला तर योजना यशस्वी आहे. मुलगी वाढदिवसाच्या दिवशी आईकडे पोचली. फक्त मी नाही. हे मी बायकोला समजावून सांगितलं. ती रागावेल म्हणून उत्तरं तयार ठेवली होती. रागावली नाही.

म्हणाली, तासभर माझ्याजवळ आली नाही, आईच्या मागे लपून बघत होती. मग माझा पदर ओढून म्हणाली, चमचा. म्हणून चमचा दिला. आता माझा कान धरून झोपली आहे.

मी विचारलं, डावा ना? ती म्हणाली, हो, तुला कसं माहीत?

मी म्हटलं, मला सगळं माहीत असतं. बायको म्हणाली, बरं. या वेळचं ‘बरं’ चांगलं होतं, फोनवरही कळलं.

१६ मार्च

माझं तिकीट १९ तारखेचं. अटींचं पान अथपासून इतिपर्यंत वाचलं. वर मार्जिनमध्ये शंका लिहून काढल्या. डिस्पॅचवाल्याने विचारलं, तू अजून इथेच? मी म्हटलं, ऑफिसची कामं. तो म्हणाला, चौदा तारखेला दोन पूर्ण झाली ना तुझ्या पोरीला? आणि गालातल्या गालात हसत निघून गेला. त्याच्या सगळ्या खोक्यांची मी आज नव्याने तपासणी केली. अकरा नापास.

घरात आवाज नाही. आमटी संपली.

संध्याकाळी सहज स्ट्रोलरला हात लावला. मनगटाला नुसता झटका दिला आणि झाली घडी. एका हातात. घड्याळ लावून पुन्हा केली. तीन सेकंद. पाच वेळा केली, पाचही वेळा तीन. बघायला कोणी नव्हतं. खालच्या काकूंची बेल वाजवावी असं एकदा मनात आलं.

खोक्यात बसवून पाहावा म्हणून खोकं ओढलं. आत मिरीचा एक मोजा होता, आणि जेवणाचा एक चमचा. ते काढावेसे वाटेनात. स्ट्रोलर माळ्यावर टाकला.

बायकोला फोन करून विचारलं, येताना काय आणू? मला वाटलं, स्ट्रोलरचं विचारेल. म्हणाली, ते गाडीचं राहू दे, पाळणाघर समोरच आहे. पण मिरी दोन दिवस सारखी खो, खो करते आहे, आईला विचारलं तर म्हणाली, घरी एक खोकं आहे. ते आणता येईल का?

टेप काढला. पंचावन्न बाय पस्तीस बाय पंचवीस हे आतलं माप. पुठ्ठ्याची जाडी धरायची राहून गेली होती. बाहेरून प्रत्येक बाजूला एक सेंटिमीटर जास्त भरतं.

उद्या विमान कंपनीला फोन करून विचारून घेईन.